तळणीचे दीड इंची भिंग

यंदा दहावीत गेलेल्या आणि गेल्या वर्षापासून रात्री गच्चीवर जाऊन तारे ओळखण्याचा नाद लागलेल्या माझ्या नातीने दिवाळीच्या सुट्टीत माझ्यापाशी दुर्बीण मागितली, तेव्हा ती मागणी तत्काळ मान्य करण्याऐवजी मी विचार करण्यासाठी मुदत मागून घेतली. त्याला एक कारण होते. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी अशीच एक चकचकीत नळी आणली होती. तिच्या खोक्यावर ‘५२५ पट’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते आणि तिचा स्टँड इतका लेचापेचा होता, की श्वास सोडला तरी चंद्र भिंगाबाहेर जाई. ती नळी आज माळ्यावर धूळ खात पडली आहे. एकदा फसलेल्या माणसाने दुसऱ्यांदा पैसे मोजण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा, हे व्यवहाराला धरूनच होते.

असे दोन जाणकार माझ्या परिचयाचे आहेत. भाऊसाहेब भूमिअभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात वऱ्हाडातील शिवारांच्या हद्दी मोजण्यात गेली आणि त्याच शिवारांतील मुक्कामांत, उघड्या डोळ्यांनी व एका जुन्या द्विनेत्रीने, म्हणजे बाजारात जिला बायनॉक्युलर म्हणतात तिने, आकाश वाचण्याचा व्यासंग त्यांनी चाळीस वर्षे केला. दुसरे आमच्या शहरातील एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. यांनी स्वतःच्या हातांनी सहा इंची आरसा घासून, लाकडी बैठकीवर दुर्बीण उभी केली आहे, आणि दुर्बिणीवाचून आकाशदर्शन म्हणजे गाभाऱ्यात न जाता देवळाला घातलेली प्रदक्षिणा, असे त्यांचे मत आहे. या दोघांचा मतभेद जुना आहे, परंतु तो मनापासूनचा असल्याने त्याला कधी कडवटपणा आला नाही. पौष अमावास्येच्या रात्री आपण सारेच एखाद्या काळोख्या जागी जाऊ आणि तेथेच काय तो निवाडा करू, असे ठरले. जागा भाऊसाहेबांनी निवडली : बडनेऱ्याहून वर्ध्याकडे जाताना धामणगावच्या पुढे लागणारे तळणी स्टेशन, आणि त्याच्या आसपासचे, प्राध्यापकांच्या एका आप्तांचे वावर. हीच जागा का, हे मात्र त्यांनी आधी सांगितले नाही.

कापसाची वेचणी जवळजवळ आटोपली होती, तूर उभी होती आणि थंडी अंगात शिरू लागली होती. धुऱ्यावर सतरंजी अंथरून आम्ही बसलो. तेथे झालेला संवाद मी शक्य तितका जसाच्या तसा पुढे देत आहे.

प्राध्यापक : भाऊसाहेब, प्रारंभ मीच करतो, कारण माझा मुद्दा सरळ आहे. माणसाला डोळे लक्षावधी वर्षांपासून आहेत. परंतु गुरूभोवती चार चंद्र फिरतात ही गोष्ट त्या डोळ्यांना १६१० च्या जानेवारीपर्यंत कळली नाही. ती कळली तेव्हा गॅलिलिओच्या हातात जेमतेम वीस पटींची एक ओबडधोबड नळी होती. त्या नळीने मानवजातीला जे दाखवले, ते आपण आज एका मुलीला पहिल्याच रात्री दाखवू शकतो. मग तिला वर्षभर नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहत बसण्याची शिक्षा कशासाठी?

भाऊसाहेब : सर, तिला तुम्ही शिक्षा म्हणता, मी तिला उमेदवारी म्हणतो. मोजणीखात्यात नव्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी कोणी यंत्र देत नसे. आधी त्याला साखळी धरून शिवारातून चालवीत, म्हणजे गावाची हद्द, नाला, पांदण आणि बांध त्याच्या पायांना ठाऊक होत. आकाशाचेही तसेच आहे. तुमच्या सहा इंची दुर्बिणीतून एका वेळी आकाशाचा किती तुकडा दिसतो?

प्राध्यापक : कमी वर्धनशक्तीची नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडचे भिंग, लावली तर सुमारे एक अंश; म्हणजे पूर्णचंद्राच्या दुप्पट रुंदी.

भाऊसाहेब : आणि संपूर्ण खगोल एक्केचाळीस हजार चौरस अंशांहून मोठा. ज्याला दिशा, नक्षत्रे आणि त्यांच्यातील अंतरे माहीत नाहीत, त्याच्या हाती हे यंत्र दिले तर तो एका अंशाच्या झरोक्यातून त्या अफाट मुलुखात काय शोधणार? दादांच्या माळ्यावर पडलेली ती नळी याच कारणाने तेथे पडली आहे.

प्राध्यापक : ती नळी माळ्यावर पडली, कारण ती वाईट होती. येथे मला दादांना एक नियम सांगू द्या. दुर्बिणीची किंमत तिच्या ‘पटीं’वर ठरत नाही, तिच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर ठरते. अंधारात विस्फारलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटर रुंद होते. पन्नास मिलिमीटरचे भिंग तिच्या सुमारे पन्नास पट प्रकाश गोळा करते आणि माझा दीडशे मिलिमीटरचा आरसा साडेचारशे पटींहून अधिक, कारण प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वर्धनशक्ती मात्र नेत्रिका बदलून वाटेल तेवढी करता येते. फक्त मिलिमीटरमागे दोन पटींच्या पलीकडे गेले, की प्रतिमा मोठी होते आणि तपशील एकही वाढत नाही. साठ मिलिमीटरच्या नळीवर ५२५ पट छापणे म्हणजे पाव मण दूध देणाऱ्या गाईच्या गळ्यात मणभराची पाटी बांधणे होय. तिची खरी मर्यादा एकशेवीस. शिवाय अशा खोक्यांत कित्येकदा नेत्रिकेवर चढवण्याची काळी ‘सूर्यकाच’ देतात. ती पहिल्या दिवशीच फेकून द्यावी. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकली, तर डोळा कायमचा जातो. सूर्य पाहायचा असेल तर नळीच्या पुढच्या तोंडावर बसणारा खात्रीचा फिल्टर हवा, किंवा सूर्याचे बिंब पांढऱ्या कागदावर पाडून पाहावे.

नातीने हे शेवटचे वाक्य आपल्या वहीत लिहून घेतले. इतक्यात पूर्ण काळोख पडला. भाऊसाहेबांनी साऱ्यांचे दिवे आणि मोबाइल बंद करविले आणि, डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात व एका क्षणाच्या पांढऱ्या उजेडाने ती सारी कमाई बुडते, म्हणून लाल जिलेटिनचा कागद गुंडाळलेली एकच बॅटरी आपल्याजवळ ठेवली. त्या अर्ध्या तासात आकाश जणू थराथराने खाली उतरत आले. आधी व्याध आणि ब्रह्महृदय, मग मृगाचे चार पाय आणि पोटातील बाण, मग कृत्तिकांचा झुबका, आणि शेवटी मृग व मिथुन यांच्यामधून गेलेला आकाशगंगेचा फिकट पट्टा.

भाऊसाहेब : बेटा, हात लांब करून उत्तरेकडे अंगठा आणि करंगळी ताण. करंगळी क्षितिजावर टेकव. अंगठ्याच्या टोकाशी जो एकटा तारा आहे, तो ध्रुव. ताणलेली वीत साधारण एकवीस-बावीस अंशांची भरते आणि आपल्या अमरावतीचे अक्षांशही एकवीसच्या घरातले. म्हणून आपला ध्रुव क्षितिजापासून एका वितीवर. काश्मिरात तो दीड वितीहून वर असतो आणि कन्याकुमारीला मुठीपेक्षाही खाली. हे तुझे पहिले यंत्र. याला पैसे पडत नाहीत आणि हे तुझ्या गावाचे अक्षांश सांगते.

नात : आणि दक्षिणेला, भाऊसाहेब?

भाऊसाहेब : दक्षिणेला रात्री साडेदहाच्या सुमारास मूठ धरून पाहा. व्याधाच्या खाली, क्षितिजापासून दीड मुठीवर अगस्त्य आलेला दिसेल. व्याधाच्या खालोखाल साऱ्या आकाशातील तेजस्वी तारा तो, आणि लंडनच्या माणसाला तो आपल्या अंगणातून आयुष्यात कधी दिसत नाही. पहाटेपर्यंत जागलीस तर त्रिशंकूही दिसेल, जेमतेम एका मुठीवर. ज्या आकाशाने आपल्याला इतके दिले, ते आधी आपल्या नजरेच्या वहिवाटीत यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. त्यासाठी साधने कोणती? एक फिरता तारकानकाशा, एक पंचांग, एक लाल दिवा, दोनशे पानांची वही आणि बसायला आरामखुर्ची. कारण मान मोडून उभे राहणारा माणूस दहा मिनिटांत घरी जातो. वाचायला शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘ज्योतिर्विलास’. तो एकोणिसाव्या शतकात लिहिला गेला, परंतु आकाश दाखवण्याची त्याची मराठी आजही ताजी आहे. आणि आजच्या विज्ञानासाठी नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’.

प्राध्यापक : आणि मोबाइल? स्टेलॅरियमसारखी प्रणाली विनामूल्य मिळते. त्यात आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घातले, की कोणत्याही तारखेचे, कोणत्याही घटकेचे आकाश समोर येते.

भाऊसाहेब : ते दिवसा, घरी बसून पाहावे आणि रात्री वावरात यावे. माझा विरोध त्या ज्ञानाला नाही, त्या उजेडाला आहे. शिवाय बोट दाखवताच नाव सांगणारे यंत्र हाती असले, की माणूस नाव विसरायला मोकळा होतो.

प्राध्यापक : आता माझी हरकत ऐका, भाऊसाहेब. आपण ज्या काळोखात हे सांगता आहात, तो काळोख किती मुलांच्या वाट्याला येतो? अमरावतीच्या राजकमल चौकापाशी राहणाऱ्या मुलाला गच्चीवरून आकाशगंगा दिसत नाही. कृत्तिका मोजायला गेला तर तीनचार ताऱ्यांवर गणती थांबते. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर, मेळघाटाच्या कुशीत आहे आणि तेथले आकाश अजूनही काळेभोर आहे, हे खरे. पण तेथे जायला गाडी हवी, मुक्कामाचा खर्च हवा आणि जंगलाच्या हद्दीत रात्री थांबायचे तर वन खात्याची परवानगी हवी. डोळ्यांचे आकाश हेच आता महाग झाले आहे. दुर्बीण मात्र शहराच्या उजेडाला बऱ्याच अंशी दाद देत नाही. चंद्रावरील विवरे, गुरूवरील पट्टे, शनीची कडी, जोडतारे या गोष्टी राजकमल चौकातल्या गच्चीवरूनही तितक्याच स्वच्छ दिसतात. ज्याला गाव सोडता येत नाही, त्याला दुर्बीण हीच आकाशाची सनद आहे.

हा मुद्दा भाऊसाहेबांनी नाकारला नाही. काही वेळ ते गप्प राहिले. मग त्यांनी आपली जुनी सात गुणिले पन्नासची द्विनेत्री नातीच्या हाती दिली आणि मृगाच्या बाणाखाली, खड्गाच्या मध्यावर रोखायला सांगितली.

नात : तिथे तारा नाही, धुकं आहे.

भाऊसाहेब : ते धुके म्हणजे तारे जन्माला येण्याची जागा. सर, मला आपला आक्षेप मान्य आहे; म्हणून डोळा आणि दुर्बीण यांच्यामधली ही पायरी मी सुचवतो. हिच्यात सहा-सात अंशांचे आकाश एकदम दिसते, प्रतिमा उलटी होत नाही, दोन्ही डोळे वापरता येतात, आणि सहा इंची दुर्बिणीच्या किमतीच्या लहानशा अंशात ती येते. खरेदी करताना एकच हिशेब लक्षात ठेवावा : भिंगाचा व्यास भागिले वर्धनशक्ती. सात गुणिले पन्नासमधून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका सात मिलिमीटरची, दहा गुणिले पन्नासमधून पाचची. माझ्यासारख्या म्हाताऱ्याची बाहुली पाचापलीकडे क्वचितच उघडते, म्हणून माझ्या या द्विनेत्रीतला बराच प्रकाश आता माझ्या कपाळावरच सांडतो. शहरातून पाहणाऱ्यालाही दहा गुणिले पन्नासच बरी, तिच्यात पार्श्वभूमी अधिक काळी दिसते. ती तिवईवर बसवावी, नाहीतर कोपर खुर्चीच्या हातावर टेकवावे. गुरूचे चंद्र हिच्यातही दिसतात, हात स्थिर असेल तर.

प्राध्यापक : आणि पावसाळ्यात?

भाऊसाहेब : आपल्याकडे मृगापासून हस्तापर्यंत आकाश बंद. त्या चार महिन्यांत भिंगांवर बुरशी धरते आणि ती एकदा काचेला खाऊ लागली की निघत नाही. म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, आणि काच उठल्यासुटल्या धोतराच्या सोग्याने पुसू नये. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत आपला हंगाम. चैत्र-वैशाखात धुळीचा पडदा असतो, पण वादळी पाऊस पडून गेल्यानंतरची रात्र मुकवू नये.

वावराचा राखणदार शेकोटीसाठी तुराट्या घेऊन आला होता. शेकोटी पेटवू नये अशी विनंती ऐकून तोही आमच्या शेजारी बसला, आणि ईशान्येकडे नुकत्याच वर आलेल्या चार ताऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, “माही आजी सांगे जी, थे म्हातारीची बाज हाय. अन् मांगून तीन चोर येतेत, बाज चोराले.” त्याने सांगितले त्याच क्रमाने ते झाले. सप्तर्षींचा चौकोन आधी उगवला आणि शेपटीचे तीन तारे एकामागून एक, दहा-सव्वादहापर्यंत, त्याच्या मागोमाग क्षितिजावर चढले.

प्राध्यापक : हीच बाज आणि हेच चोर गोंडांच्या परंपरेत आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि आपल्या अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंडांचे हे आकाशज्ञान गावोगाव फिरून नोंदवले आणि २०१३ साली प्रसिद्ध केले. पुढे मेळघाटातील कोरकूंच्या आकाशज्ञानावरही असेच काम झाले. येथे मी आपल्या बाजूने बोलतो आहे, भाऊसाहेब. या माणसांजवळ भिंग नव्हते आणि त्यांचे आकाश रिकामे नव्हते.

भाऊसाहेब : मग आता मी सांगतो, की तुम्हा सर्वांना तळणीला का आणले. २२ जानेवारी १८९८ रोजी, अशाच पौष अमावास्येला, भर दुपारी या भागात सूर्य पूर्ण झाकला गेला. ग्रहणाची पट्टी कोकणातून निघून वऱ्हाडावरून पुढे गेली. विजयदुर्गावर इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आले होते. सोलापूरकडे जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि आपल्या पुण्याचे नायगमवाला. येथून पुढच्या स्टेशनावर, पुलगावला, इंग्रजांची आणखी एक तुकडी. आणि या तळणीला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली. १८९० साली स्थापन झालेली ही संस्था हौशी निरीक्षकांची. त्या मंडळींत अ‍ॅनी माँडर नावाची एक बाई होती. ती ग्रिनिचच्या वेधशाळेत गणिताचे काम करीत असे. १८९५ मध्ये लग्न झाल्यावर, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, तिला नोकरी सोडावी लागली. लंडनच्या राजमान्य ज्योतिष संस्थेचे दरवाजे तर बायकांना १९१६ पर्यंत बंदच होते. या बाईने आपल्या जुन्या कॉलेजकडून थोडे अनुदान मिळवून एक लहानसा कॅमेरा घेतला. त्याच्या भिंगाचा व्यास किती असेल? दीड इंच. ग्रहण टिकले सुमारे दोन मिनिटे. आणि त्या दीड इंची भिंगाने सूर्याच्या प्रभामंडलातील जो एक किरण टिपला, तो साठ लक्ष मैल लांबीचा भरला. इतका लांब किरण त्यापूर्वी कोणाच्याही छायाचित्रात उतरला नव्हता. सर, मोठमोठी यंत्रे त्या दिवशी पट्टीभर उभी होती. सूर्याची सर्वांत लांब जटा मात्र अडीच बोटांच्या या काचेला सापडली. म्हणून मी म्हणतो, साधन लहान असो, नजर तयार हवी.

अंधारात कोणीच बोलले नाही. ज्या जमिनीवर आपण बसलो आहोत, तिच्या आसपासच कोठेतरी एक परदेशी स्त्री सव्वाशे वर्षांपूर्वी दोन मिनिटांसाठी इतका प्रवास करून आली होती, या जाणिवेने माझे मन भरून आले. थोड्या वेळाने प्राध्यापकांनी जे उत्तर दिले, त्यामुळे मात्र मला या विषयाची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट दिसली.

प्राध्यापक : भाऊसाहेब, आपली साक्ष खरी आहे, पण आपण अर्धाच पंचनामा वाचलात. याच तळणीच्या छावणीत त्याच दिवशी जॉन एव्हरशेड नावाचा तरुण होता. तोही हौशीच, पोट भरण्यासाठी लंडनच्या एका रासायनिक उद्योगात काम करणारा. त्याच्यापाशी लोलक बसवलेला कॅमेरा होता. सूर्य झाकला जाण्याच्या क्षणी त्याच्या कडेचा जो वर्णपट काही पळेच चमकतो, तो त्याने त्याच्या जांभळ्यापलीकडील, डोळ्याला कधीच न दिसणाऱ्या भागासह टिपला. हाच माणूस पुढे कोडाईकनालच्या वेधशाळेत आला आणि १९०९ मध्ये सौरडागांतील वायूंचे वहन त्याने शोधून काढले. त्या परिणामाला आज त्याचेच नाव आहे. नजर कितीही तयार असती, तरी लोलकावाचून त्याला ते दिसले नसते. आणि अ‍ॅनीबाईंचे भिंग लहान होते, ते केवळ पैसे नव्हते म्हणून नव्हे. प्रभामंडलाचे फिके, लांब किरण टिपायला रुंद क्षेत्राचे आखूड भिंगच हवे, हे तिने आधी गणित करून ठरवले होते म्हणून. दोघांनीही आधी प्रश्न ठरवला आणि मग यंत्र निवडले.

भाऊसाहेब : हे मला मान्य आहे. प्रश्न आधी, यंत्र नंतर.

प्राध्यापक : मग आपण आणि मी एकाच बांधावर उभे आहोत. फक्त एक गोष्ट मला अजून मान्य नाही. वर्षभर थांबल्यावरच दुर्बिणीला डोळा लावू द्यावा, ही. आज रात्रीच तिला एक प्रश्न पडू द्या, आणि त्याचे उत्तर यंत्रातून मिळू द्या.

मध्यरात्र झाली होती. बाजेमागचे चोर आता वितीभर वर आले होते. भाऊसाहेबांनी नातीला मधल्या चोराकडे, म्हणजे वसिष्ठाकडे, टक लावून पाहायला सांगितले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, की त्याच्या अगदी शेजारी एक बारीक तारा आहे. ती अरुंधती. आमच्याकडे लग्नात नवरानवरीला दाखवतात ती. तिने ती स्वतःच्या डोळ्यांनी शोधली होती, आणि तरीही तिने पुढचा प्रश्न विचारला : “वसिष्ठ एकटाच आहे का?”

प्राध्यापक उठले. दुर्बीण त्यांनी आल्याबरोबरच उघड्यावर मांडून ठेवली होती, कारण आरसा भोवतालच्या हवेइतका थंड झाल्याखेरीज प्रतिमा थरथरते. बाराशे मिलिमीटर केंद्रांतराच्या त्या आरशाला दहा मिलिमीटरची नेत्रिका लावली, म्हणजे एकशेवीस पट. नातीने डोळा लावला आणि ती ओरडली, “दोन आहेत, आबाजी! वसिष्ठच दोन आहेत!” मग आम्ही सर्वांनी पाहिले. एकमेकांना खेटून बसलेले दोन शुभ्र बिंदू, आणि दूर अंतरावर अरुंधती. सतराव्या शतकापर्यंत कोणाही माणसाला ठाऊक नसलेली ही गोष्ट राखणदाराने सर्वांत शेवटी पाहिली. तो बराच वेळ डोळा काढीना. मग म्हणाला, “चोर चार झाले जी.”

भाऊसाहेब : सर, हा तुमचा विजय मी मोकळ्या मनाने मान्य करतो. पण ही दुर्बीण तुम्ही विकत घेतलेली नाही, घासलेली आहे, हे तिला सांगा.

प्राध्यापक : सांगतो. जाड काचेच्या दोन तबकड्या घ्यायच्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालायचे आणि एक दुसरीवर ठरलेल्या रीतीने फिरवत राहायचे. वरची आपोआप खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. पूड बारीक बारीक करत न्यायची, शेवटी डांबरासारख्या राळेवर सिरियम ऑक्साइडने चमक आणायची, आणि फूकोने १८५८ मध्ये शोधलेल्या पात्याच्या कसोटीने आकार तपासायचा. एक दिवा आणि दाढीचे एक पाते, एवढ्या सामग्रीवर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या हिश्श्याहून लहान चूक दिसते. नंतर निर्वातात ॲल्युमिनियमचा मुलामा. बैठक जॉन डॉब्सनच्या धर्तीची, प्लायवुडची. ती कोणताही सुतार करतो. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलविज्ञान केंद्रात अशा आरसाघासणीच्या कार्यशाळा होत आल्या आहेत, आणि पुण्याचीच ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून हौशी निरीक्षकांना हाताशी धरते आहे. आपल्याला जवळ म्हणजे नागपूरचे रमण विज्ञान केंद्र.

भाऊसाहेब : मग माझी एकच सूचना. ही दुर्बीण एका घरच्या माळ्यासाठी नसावी. बंगालमधील जेसोरच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखणारे राधागोविंद चंद्र यांनी आपल्या तीन इंची दुर्बिणीने रूपविकारी ताऱ्यांची नोंद वर्षानुवर्षे अमेरिकेला पाठवली, तेव्हा तेथील निरीक्षकांच्या संस्थेने १९२६ मध्ये आपण होऊन सहा इंची दुर्बीण त्यांच्या हवाली केली. त्यांच्या नोंदी सदतीस हजारांवर गेल्या. पुढे ती दुर्बीण खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली. यंत्र काम करणाऱ्याकडे चालत गेले आणि त्याचे काम संपल्यावर पुढच्याकडे गेले. आपल्याकडेही तसेच व्हावे.

पहाटे त्रिशंकू पाहून आम्ही उठलो, तेव्हा द्विनेत्रीच्या कातडी पिशवीवर दव साचले होते आणि निवाडा झालेला होता. तो असा. नातीसाठी दहा गुणिले पन्नासची द्विनेत्री, फिरता तारकानकाशा आणि नोंदवही ताबडतोब घ्यावी. वहीत तारीख, वेळ, जागा, आकाशाची स्थिती आणि दिसले ते, एवढेच लिहावे. न दिसलेले कधीही लिहू नये. मृगातील काक्षी या ताऱ्याचे तेज शेजारच्या रोहिणीशी ताडून पाहावे, कारण २०२० च्या आरंभी ती इतकी मंदावली होती, की साध्या डोळ्यांना फरक कळला. ययातीतील अल्गोल दर दोन दिवस एकवीस तासांनी कसा झाकोळतो, तेही नोंदवावे. अशा कामाला भिंग लागत नाही. पावसाळ्याचे चार महिने प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तिने आणि तिच्या वर्गमैत्रिणींनी सहा इंची आरसा घासावा. तयार होणारी दुर्बीण शाळेच्या दप्तरी जमा व्हावी आणि ग्रंथालयातील पुस्तकासारखी, ज्याच्या वहीत नोंदी असतील त्याला, आठवड्याच्या मुदतीने घरी मिळावी. माळ्यावरची ५२५ पटींची नळी मोडून तिची भिंगे प्रयोगशाळेत द्यावीत.

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील मुख्याध्यापकांना आणि शाळांच्या विश्वस्तांना माझी कळकळीची विनंती आहे, की प्रत्येक तालुक्यात अशी एक तरी सार्वजनिक दुर्बीण असावी; तिचा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मांडवाहून जास्त नाही. आणि वाचकांना एवढेच सांगणे, की खरेदीला निघण्यापूर्वी एका अंधाऱ्या रात्री उत्तरेकडे हात लांब करावा आणि आपला ध्रुव एका वितीवर आहे की नाही, हे स्वतः मोजून पाहावे.